आयेल्ट्सची तयारी: कानात बोळे, हातात टेम्प्लेट

परदेशी विद्यापीठात जायचं ठरलं की सर्वप्रथम आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्रजी किती येतं ते तपासणाऱ्या परीक्षेचा, क्लास लावा. इंग्रजी येतं की नाही हा प्रश्न नंतरचा. क्लास शक्यतो असा निवडा की ज्याच्या जिन्यात मागच्या बॅचच्या मुलांचे फोटो आणि प्रत्येकाच्या छातीवर ८, ८.५ असे आकडे छापलेले असतील. त्या मुलांना क्लास न लावता किती पडले असते, हे विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्याला डेमो लेक्चरचा चहासुद्धा मिळत नाही.

मी आयेल्ट्स दोनदा दिली आहे. म्हणजे एकदाच देऊन सुटलेल्यांपेक्षा सल्ला द्यायचा माझा हक्क बरोबर दुप्पट आहे.

ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार विभाग आणि शून्य ते नऊ बँड, म्हणजे गुणांच्या पायऱ्या. वाचण्याबद्दल मी काही सांगत नाही, कारण उताऱ्यावरचे प्रश्न उतारा न वाचता सोडवायची कला आपण शाळेतच शिकलेलो असतो. बोलण्याचंही सोडा, ती अकरा ते चौदा मिनिटं कशीही निघतात. खरी मेख आहे ऐकण्यात आणि लिहिण्यात.

लिसनिंगला ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. हे 'एकदाच' नीट समजून घ्या, कारण हा शब्द आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपल्याकडे एकदा सांगितलेली गोष्ट सांगितली असं कुणी धरतच नाही. पुणे स्टेशनवर गाडी कुठल्या फलाटावर येणार हे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सांगतात. ते संपूर्ण ऐकून झालं की आपण शेजारच्या काकांना विचारतो, "काका, कितीवर येतेय?" काका सांगतात. मग खात्रीसाठी आपण हमालाला विचारतो.

तेव्हा तयारी अशी करा. एखादी इंग्रजी वेब सिरीज घ्या, सबटायटल लावा आणि रात्री दोनपर्यंत बघा. याला लिसनिंगचा सराव म्हणतात. डोळ्यांनी वाचून कान तयार होतात यावर माझ्या बॅचचा ठाम विश्वास होता. मराठी सबटायटल मिळाली तर फारच उत्तम, तयारी आणखी खोल होते.

पहिल्या भागात बहुधा दोन माणसं बोलतात. एकाला खोली भाड्याने हवी असते नाहीतर कुठल्या तरी कोर्सला नाव घालायचं असतं, आणि दुसरा फॉर्म भरून घेत असतो. म्हणजे तुम्ही भरायचा. नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगतात. इथे ऑस्ट्रेलियन बाई भेटली की तिचं 'ए' आपल्याला 'आय' ऐकू येतं, आपण आय लिहितो, आणि मग तिचं खरं 'आय' आलं की आपण कावरेबावरे होतो. ब्रिटिश, अमेरिकन, कॅनडियन, न्यूझीलंडचे असे सगळे उच्चार येतात. घाबरू नका. मालवणहून मामा आला की त्याचं अर्धं बोलणं आपण नुसतं मान हलवूनच ऐकतो ना? तशी मान हलवा. परीक्षेत मान हलवायला मार्क नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या भागात एक हुकमी खोडी असते. बाई म्हणते, वर्ग मंगळवारी आहे. तुम्ही मंगळवार लिहिता आणि पेन्सिल खाली ठेवता. मग बाई म्हणते, अगं नाही, या वेळी तो गुरुवारी केलाय. ते तुम्ही ऐकत नाही, कारण तुम्ही समाधानात असता.

आता गंमत बघा. याचा फुकट सराव तुमच्या घरात गेली वीस वर्षं चालू आहे. "जरा खाली जाऊन कोथिंबीर आण. थांब, कोथिंबीर आहे, कढीपत्ता आण. लिंबं चार, नाही, सहाच आण, परवा पाहुणे आहेत. आणि त्या कोपऱ्यावरच्याकडून नको, पलीकडच्याकडून." एका दमात दोन दुरुस्त्या, एक आकडा, एक ठिकाण, आणि सगळं एकदाच. लिसनिंगचा पेपर काढणारे याहून अवघड काही काढत नाहीत. पण खबरदार, हा सराव करू नका. आई बोलायला लागली की हेडफोन लावा आणि अभ्यास चाललाय असं खुणेने सांगा. मी सहा महिने असंच केलं. रोज घरात कोथिंबीर यायची.

सूचना वाचण्यात वेळ घालवू नका. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलेलं असतं. आपण तीन लिहावेत. मापाच्या वर मूठभर घालायची आपली रीत आहे. तीन शब्द लिहिले की उत्तर चूक धरतात, पण मनाच्या मोठेपणाला कुठे बँड असतो? स्पेलिंगचंही मनावर घेऊ नका. अकोमोडेशन या शब्दात दोन सी आणि दोन एम असतात हे जगातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि ते सगळे पेपर तपासतात. स्पेलिंग चुकलं की तो मार्क गेला. कळलं होतं, ऐकू आलं होतं, लिहिलंही होतं, तरी गेला. चाळीसपैकी साधारण तीस बरोबर आले तर बँड सात होतो. आपण ऐकतो पस्तीस, समजतो बत्तीस आणि लिहितो सव्वीस.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या क्लासमध्ये सर सांगायचे, "उत्तरं आधी प्रश्नपत्रिकेवरच लिहा. शेवटी उतरवायला दहा मिनिटं मिळतात." हे खरंच होतं. फक्त ते कागदावरच्या परीक्षेचं. मी फॉर्म भरला होता कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचा, कारण निकाल लवकर लागतो. तिथे शेवटी दोन मिनिटं मिळतात, तीही तपासायला. मी सगळी उत्तरं सुबक अक्षरात कच्च्या कागदावर लिहून, हात चोळत, दहा मिनिटांच्या ऐटीत बसलो होतो. पडद्यावर कोपऱ्यात वेळ उलटी पळायला लागली तेव्हा मी नवव्या प्रश्नाशी होतो. ते ठकठक टाइप करणं मला अजून झोपेत ऐकू येतं. सव्विसाव्या प्रश्नापर्यंत पोचलो. पुढची चौदा उत्तरं कागदावर होती. अक्षर फार छान आलं होतं हो.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "सूचना वाचायला पाहिजे होत्या."

आता लिहिण्याकडे या. एक तास, दोन प्रश्न. पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात किमान २५०. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, म्हणून त्याला चाळीस मिनिटं द्यावीत असं परीक्षा घेणारेच सांगतात. तुम्ही पहिल्याला पंचेचाळीस द्या. जे आधी आलं ते आधी, रांगेचा नियम आहे. शब्द मात्र भरपूर लिहा. पुरवणी जोडल्याशिवाय पेपर चांगला गेला असं आपल्याला वाटत नाही, आणि कॉम्प्युटरला पुरवणी नसते हे दुःख शब्दसंख्येने भरून काढावं लागतं.

पहिल्या प्रश्नात एक आलेख किंवा तक्ता देतात. समजा एका शहरात तीस वर्षांत बसने जाणारे घटले आणि गाडीने जाणारे वाढले. जे दिसतंय ते सांगायचं, ठळक फरक दाखवायचे, तुलना करायची. बस का घटल्या ते विचारलेलं नाही. तुमचं मत तर अजिबात नको. पण मराठी माणसाला आकडा दाखवून मत देऊ नको म्हणणं म्हणजे कट्ट्यावर बसवून गप्प राहा म्हणण्यासारखं आहे. म्हणून तुम्ही लिहाच. बस वेळेवर येत नाही, सरकारचं लक्ष नाही, हल्लीच्या पोरांना चालायला नको, आमच्या आजोबांनी सायकलवर संसार केला. आलेखातला एकही आकडा आला नाही तरी चालेल, तळमळ पोचली पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नात उलट असतं. तिथे एक विधान देऊन सरळ विचारतात, तुम्हाला कितपत पटतं? कारणं द्या, आणि स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. इथे मात्र आपण गप्प होतो. जिथे मत नको तिथे पान भरून, आणि जिथे मतच हवं तिथे 'नाण्याला दोन बाजू असतात'. पहिली ते बारावी बारा वर्षं इंग्रजी शिकताना 'माय बेस्ट फ्रेंड' लिहून घेतात, पण हा फ्रेंड तुला का आवडतो असं कुणी विचारत नाही. बेस्ट फ्रेंड सगळ्या वर्गाचा एकच असतो, फळ्यावरचा.

म्हणून टेम्प्लेट पाठ करा. क्लासमध्ये एक झेरॉक्स देतात, ती देवासमोर ठेवा. सुरुवात 'नाऊअडेज'ने. मग 'इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक'. मधल्या रिकाम्या जागेत विषय भरायचा. प्लास्टिक असो, वृद्धाश्रम असो, अवकाशसंशोधन असो, वाक्यांना फरक पडत नाही. दर परिच्छेदात एकदा 'प्लेथोरा', म्हणजे रेलचेल, आलाच पाहिजे. शेवट 'इन अ नटशेल'. तपासणारा प्रशिक्षित माणूस असतो आणि पाठ केलेलं त्याला ओळखू येतं, असं म्हणतात. येऊ दे. त्या दिवशी त्याच्यासमोर आलेले सगळेच निबंध एकसारखे असतील तर तो ओळखून करणार काय?

उदाहरण विचारलंय म्हणून स्वतःचं द्यायला जाऊ नका. एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या नावावर संशोधन खपवा आणि त्यात ७८ टक्के लोकांना काहीतरी वाटतं असं लिहा. ८० लिहू नका, खोटं वाटतं. मराठीत आर्टिकल नाही, तेव्हा 'अ' आणि 'द' लिहून झाल्यावर वरून चवीपुरते भुरभुरा. अनेकवचनाला कंजुषी नको: इन्फॉर्मेशन्स, फर्निचर्स, अॅडव्हाइसेस. माझा हा लेखसुद्धा अॅडव्हाइसेसचाच आहे.

पहिल्या वेळी मला आलेला निबंधाचा विषय साधारण असा होता: मुलांनी शिक्षणासाठी घर सोडून लांब जावं की घरी राहून शिकावं? आता बघा, याच विषयावर आमच्या घरी सहा महिने रोज रात्री जेवताना भांडण चालू होतं. बाबांचं म्हणणं, इथे काय कमी आहे. माझं म्हणणं, बघितल्याशिवाय कसं कळणार. एकदा तर बाबा आमटीची वाटी तशीच ठेवून उठले. त्या विषयावर महाराष्ट्रात माझ्याइतकी कारणं आणि उदाहरणं कुणाकडे नसतील. मी लिहिलं, 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. पुढे दोन्ही बाजूंना समान तीन-तीन ओळी, मग प्लेथोरा, मग नटशेल. बँड साडेपाच.

बँडचं गणितही समजून घ्या, म्हणजे निकालाच्या दिवशी रडावं की पेढे आणावेत ते ठरवता येईल. चारही विभागांची सरासरी काढून जवळच्या अर्ध्यावर नेतात. सव्वासहा आले तर साडेसहा धरतात, पावणेसात आले तर सात. फार उदार आहेत. माझ्या बॅचमधल्या एकाला ऐकण्यात साडेआठ, वाचण्यात साडेसात, बोलण्यात साडेसहा आणि लिहिण्यात साडेपाच मिळाले. बेरीज अठ्ठावीस, भागिले चार, सात. विद्यापीठाने मागितले होते साडेसहाच. घरी पेढे आले, क्लासच्या जिन्यात त्याचा फोटोही लागला. मग विद्यापीठाच्या पत्रातली पुढची ओळ कुणीतरी वाचली: कुठल्याही विभागात सहाच्या खाली नको. फोटो अजून जिन्यात आहे, मुलगा पुन्हा क्लासमध्ये आहे. एका वेळेची फी पंधरा हजारांच्या वर असल्यामुळे पेढे मात्र दुसऱ्यांदा आले नाहीत.

आणि घाईही करू नका, कारण निकाल ग्राह्य धरतात फक्त दोन वर्षं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं. दोन वर्षांनी ते नासतं हे त्यांच्या वेळी माहीत नव्हतं.

दुसऱ्या वेळी माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, तो कबूल करतो. महिनाभर क्लासला गेलो नाही. हेडफोन आईच्या हाताने कुठेतरी ठेवले गेले आणि सापडले नाहीत, त्यामुळे घरात काय बोललं जातं ते ऐकावं लागलं, कढीपत्ता आणावा लागला. परीक्षेत निबंधाचा विषय आला, तरुणांनी मोठे निर्णय स्वतः घ्यावेत की आईवडिलांच्या सल्ल्याने? टेम्प्लेटची पहिली ओळ आठवेना. वेळ चालली होती, म्हणून नाइलाजाने जे वाटत होतं ते लिहिलं. बाबांचं म्हणणं लिहिलं, ते कुठे बरोबर आहे ते लिहिलं, कुठे चुकतंय ते लिहिलं, आमटीची वाटीसुद्धा लिहिली. साध्या वाक्यांत. प्लेथोरा राहूनच गेला.

लिहिण्यात सात आले.

संध्याकाळी बाबांनी मोबाइलवर निकाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "निबंध कशावर होता?"

"आईवडिलांचा सल्ला."

"मग? काय लिहिलंस?"

"हेच," मी म्हटलं, "की नाण्याला दोन बाजू असतात."

"चांगलं लिहिलंस," बाबा म्हणाले.