पेटी घेतली, आता विचारायचे कसे?

आज सकाळी आमच्या तालुक्यातील एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने जे सांगितले, त्याने दिवसभर डोके तापले आहे. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी तो एका पक्षाकडे मुलाखतीला गेला होता. मतदारसंघातले मोडके साकव, गळक्या शाळा, रखडलेल्या नळयोजना यांची टिपणे वहीत काढून नेली होती. वही कोणी उघडायलासुद्धा सांगितली नाही. ‘तुम्ही स्वतःचे किती घालू शकाल?’ एवढे विचारले आणि तो गप्प राहिल्यावर पुढच्याला हाक मारली.

मला लगेच आमचे बुवा आठवले. मागच्या निवडणुकीपूर्वी वाडीच्या भजनी मंडळाला एका उमेदवाराने पेटी आणि पखवाज दिला. पेटी सुरेल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात वैशाखात विहिरी आटल्या, आणि अर्धवट पडलेल्या टाकीसाठी निवडून आलेल्या त्या गृहस्थांकडे अर्ज घेऊन जाऊ या असे मी म्हणालो, तेव्हा बुवा खाली बघत म्हणाले, ‘‘आपण त्येंची पेटी घेतली, आता खंयच्या तोंडान इचारूचा?’’

पैशाने मत विकत घेतात असे आपण म्हणतो. मत एका दिवसाचे असते. पेटीने पुढची पाच वर्षे आमची तोंडे बंद केली. आणि हजार रुपयांच्या हिशेबात वाढलेल्या बुवांना एवढी भीड पडत असेल, तर कोट्यवधी घेणाऱ्या पक्षाला देणाऱ्यासमोर किती पडत असेल? पक्षांना देणग्या देण्यासाठी २०१८ साली आलेल्या निवडणूक रोख्यांमुळे तर कोणी कोणाला दिले, हे मतदाराला कळायची सोयच नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, तोवर लोकसभेची एक अख्खी निवडणूक त्या पैशावर लढवून झाली होती! आमची पेटी निदान देवळात सर्वांसमोर वाजते.

कायद्याचे तर बोलूच नये. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. कुंपण घातले आणि बेडे, म्हणजे फाटकच, उघडे ठेवले.

निवडणुकीला पैसा लागतोच, गाड्यांना डिझेल आणि कार्यकर्त्यांना जेवण लागते, हे मान्य. पूर्वीचे सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते, हेही मान्य. तरीही याच कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै यांना तीनदा आणि प्राध्यापक मधु दंडवते यांना पाचदा लोकसभेत पाठवले. माणसे त्यांची भाषणे ऐकायला मैलोन्‌मैल चालत जात. त्यांना आज कोणी ‘किती घालू शकाल?’ असे विचारले असते, तर नाथ पैंनी काय उत्तर दिले असते, याची कल्पना करून मघाशी एकटाच हसलो. राग थोडा उतरला.

त्या तरुणाला मी अपक्ष उभा राहा म्हणून सांगितले आहे. माझी वर्गणी धनादेशाने देणार आहे, पावती घेणार आहे आणि निवडून आला तर पहिला जाब त्यालाच विचारणार आहे.

आणि बुवा, ही पोस्ट तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवीलच. राग मानू नका. पण टाकीच्या अर्जावर तुमची सही अजून व्हायची आहे. उद्या संध्याकाळी भजनापूर्वी कागद घेऊन येतो.