सौदीचा पैसा आणि ताजिकिस्तान: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताजिकिस्तानवरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत, त्याला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण एक वाक्य डोक्यातून जाईना. "सोव्हिएत राज्य कोसळलं आणि सौदीच्या पैशावर राजकीय इस्लाम उभा राहिला, एवढी साधी गोष्ट तुम्ही डाव्यांच्या द्वेषापोटी लपवता."

मतभेद असू द्या, त्याचं मला काही नाही. पण "लपवता"? आणि द्वेष? माझे वडील गिरणीत होते आणि आयुष्यभर लाल बावट्याचे कार्यकर्ते होते. संपात घरात चूल पेटत नव्हती तेव्हाही त्यांनी पक्षाची वर्गणी चुकवली नाही. मध्य आशियात धर्म संपला, असं ते आम्हाला मनापासून सांगत. त्यांच्या मुलाला आपण द्वेष्टा म्हणता, तेही टोपणनावाआडून. हे मला शोभणारं वाटलं नाही.

आता पैशाचं. नव्वदच्या सुमारास सौदीतून कुराणाच्या प्रती आल्या, मशिदींना बाहेरून मदत झाली. हे मान्य, त्यावर माझा वाद नाहीच. पण राजकीय इस्लामची माणसं कुठून आली?

मुहम्मदजान हिंदुस्तानी हे नाव आपण ऐकलंय का? अजमेरला शिकले म्हणून त्यांना हे नाव पडलं. स्टालिनच्या काळात छावण्यांत गेले, महायुद्धात जखमी झाले, पुढे ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेत उर्दू शिकवत आणि घरात, गुपचूप, धर्म. या घरगुती शिकवणीला तिथे हुजरा म्हणतात. इस्लामी पुनर्जागरण पक्षाचे पुढारी सय्यद अब्दुल्लो नुरी त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी. गंमत म्हणून नाही, मुद्दा म्हणून सांगतो: हिंदुस्तानी स्वतः या तरुणांच्या राजकारणाच्या विरोधात होते. म्हणजे हा वाद सोव्हिएत राज्याच्या पोटात, त्याच्या भरभराटीच्या काळात चालू होता. तेव्हा सरहद्दी बंद होत्या. सौदीचा पैसा कुठल्या वाटेने येणार होता?

आणि नुरींचं कुटुंब डोंगरातून दक्षिणेतल्या वख्शच्या खोऱ्यात आलं ते 1953 मध्ये. कापसासाठी सरकारने डोंगराळ भागातली गावंच्या गावं उचलून तिथे नेऊन टाकली. एकाच जिल्ह्यात गार्म या डोंगराळ भागातले लोक वेगळे, दक्षिणेतल्या कुलोबचे वेगळे, आणि दुशान्बेतल्या सत्तेच्या खुर्च्या पिढ्यान्पिढ्या उत्तरेतल्या खुजंदकरांकडे. 1992 चं यादवी युद्ध याच रेषांवर फुटलं. मी नोकरीनिमित्त दुशान्बेत राहिलो तेव्हाचे माझे घरमालक वख्शचे गार्मी. त्यांचं घर शेजारच्या गावातल्या लोकांनी जाळलं होतं. ते नमाजसुद्धा नियमित पढत नसत. त्यांना कुणी "तुम्ही इस्लामी की कम्युनिस्ट" असं विचारलं नव्हतं. तुमचे आजोबा कुठल्या खोऱ्यातले, हे विचारलं होतं. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. आपण कुठून ऐकलंत?

1991 च्या अध्यक्षीय निवडणुकीत नुरींच्या याच इस्लामी पुनर्जागरण पक्षाने दौलत खुदोनझारोव या चित्रपट दिग्दर्शकाला पाठिंबा दिला. तेही पूर्वेकडच्या पामीर डोंगरांतले, इस्माइली, म्हणजे शियांच्या एका पंथाचे. कट्टर सुन्नी सौदीच्या इशाऱ्यावर चालणारा पक्ष इस्माइली उमेदवारामागे उभा राहतो का, याचा शांतपणे विचार करा.

अफगाणिस्तान, इराण, बुरखा याबद्दल आपण बरंच लिहिलंय. त्यात नवीन काही नाही, सोडून देतो.

शेवटी आपण म्हणता, या पक्षावरची 2015 ची बंदी योग्यच होती. यादवी युद्ध संपवणाऱ्या 1997 च्या करारानुसार विरोधकांना सरकारी पदांत 30 टक्के वाटा द्यायचा होता. पक्ष 1999 पासून पुन्हा कायदेशीर होता. 63 जागांच्या सभागृहात त्याचे दोनच खासदार होते, आणि 2015 च्या निवडणुकीत, बंदीच्या आधीच, तेही गेले. अशा पक्षाची भीती? त्याच वर्षी, बंदीच्या काही महिने आधी, गृहखात्याच्या विशेष पोलीस दलाचा प्रमुख गुलमुरोद खालिमोव्ह इस्लामिक स्टेटला जाऊन मिळाला. तो हुजऱ्यातून आलेला नव्हता, त्या पक्षाचाही नव्हता. राष्ट्राध्यक्ष रहमोन यांच्या सरकारने वाढवलेला, अमेरिकेतही प्रशिक्षण घेतलेला अधिकारी होता. पक्षावर बंदी घालून असा माणूस कसा थांबला असता, एवढं मला सांगा. उत्तर असेल तर लिहा, मी वाचेन. पण नाव लावून.