मोहावेची कासवं अंगणातून आणून वाढणार नाहीत

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अमेरिकेच्या मोहावे वाळवंटातली कासवं संपत चालली आणि तिथले शास्त्रज्ञ नुसती मोजत बसलेत. वेळासला जमतं ते तिथे का नाही? पाळलेली कासवं रानात सोडा, दिसेल ते कासव पाण्याजवळ पोचवा.’ कळकळ खरी आहे, पण हे उपाय कासवांच्या जिवावर उठतील.

कोकणात वेळासला समुद्री कासवांची किनाऱ्यावरचीच अंडी राखतात आणि बाहेर पडलेली पिल्लं समुद्रात जाऊ देतात. कुणाच्या अंगणात वाढलेला प्राणी तिथे सोडत नाहीत. पाळीव कासवाबरोबर मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा श्वसनरोग रानात जाऊ शकतो. मोहावेचा काही भाग ज्यात येतो त्या नेवाडा राज्यात असं सोडणं बेकायदाच आहे. आणि नुसती पिल्लं सोडून काय होणार? त्यांचं कवच पहिली काही वर्षं मऊ असतं. आपल्या कचऱ्यावर आणि पाण्यावर पोसलेले रॅव्हन, म्हणजे कावळ्याचे थोराड भाऊबंद, ते चोचीनं फोडतात. वाचलेलं पिल्लू वयात यायला बारा ते वीस वर्षं लागतात. तोवर अंडी घालणाऱ्या माद्या गाडीखाली, वणव्यात, दुष्काळात गेल्या तर ती तूट भरायची कुणी?

आता ‘नुसती मोजणी’. हे कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं, त्यामुळे दिसली तेवढी मोजून भागत नाही. माणसं आखलेल्या रेषेवरून चालतात, दिसलेलं कासव रेषेपासून किती लांब होतं ते मोजतात. काही कासवांच्या पाठीवर रेडिओ असतो. त्यावरून त्या वेळी किती बाहेर होती आणि किती बिळात, हे कळतं. मग घनतेचा, म्हणजे ठरावीक जागेत किती कासवं आहेत याचा, अंदाज बांधतात. 2001पासून हे काम विस्तीर्ण प्रदेशात चालू आहे. त्यातूनच उघड झालं की 2004 ते 2014 या काळात पाचपैकी चार विभागांत प्रौढ कासवं घटली आणि ईशान्य मोहावेत वाढली. 1990पासून कायद्याचं संरक्षण असूनही ही घट झाली. मोजलं नसतं, तर ‘संरक्षण दिलंय ना’ म्हणून सगळे निर्धास्त राहिले असते.

पाण्याजवळ नेणं तर नकोच. मराठीत समुद्रातलं, तळ्यातलं, वाळवंटातलं, सगळंच कासव. म्हणून हा घोटाळा होत असावा. या कासवाला पोहता येत नाही. घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि कोरड्या दिवसांत तेच त्याचं जगण्याचं पाणी असतं. रस्त्यावर गाडीखाली येण्याची वेळच आली असेल, तर जमिनीला समांतर धरून, ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच कडेला अलगद ठेवा.