भाकरी, गूळ आणि न हलणारा काटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

रोजच्या जेवणात थोडे बदल करून आणि घरच्या घरी व्यायाम करून वजन कसं उतरवावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ४६ वर्षांच्या, वजन ६८ किलो. चार महिने रोज पाऊण तास चालताय. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळीऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, भाजी आणि वाटीभर आमटी. भात बंद. चहात साखरेऐवजी गूळ, रात्री फक्त फळं, गुरुवारी उपास. एवढं करून काटा दीड किलो खाली आला. त्यावर माझा लेख वाचून तुम्हाला वाटलं, की बारीक न होणारी बाई आळशीच असणार असं मी सुचवतेय. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला बैठका काढायला सांगणं तुम्हाला हास्यास्पद वाटलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की जाऊबाई दोनच वेळा जेवून दहा किलोंनी उतरल्या, दुसरीकडे थोडं थोडं पण वारंवार खा म्हणणारे आहेत, मग ऐकायचं कुणाचं?

आळशीपणाचं आधी बोलू. सहा माणसांचा स्वयंपाक, नोकरी, सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा, आणि त्यातून रोज पाऊण तास काढून चालणं, हे आळशी माणसाचं काम नाही. तुमचे कष्ट कुठेही कमी पडलेले नाहीत. ते जिथे फारसा फरक पडत नाही अशा ठिकाणी खर्च होताहेत, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाकरीचंच घ्या. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, दोन्हींत १०० ग्रॅमला साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी असतात. ज्वारी चांगलीच आहे, तंतू आहेत, पोटाला आधार राहतो, माझ्याही घरी असते. पण वजनाच्या हिशेबात पीठ कुठलं यापेक्षा पीठ किती हे महत्त्वाचं. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असेल तर एकदा भाकरीचा गोळा करण्याआधी कोरडं पीठ मोजून बघा. हातावर थापलेली नेहमीची भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची निघते. घडीची पोळी साधारण ३० ग्रॅमची, फुलका २५ च्या आसपास. म्हणजे पूर्वी तुम्ही तीन पोळ्या खात असाल तर ते ९० ग्रॅम पीठ झालं. आता दोन भाकऱ्या म्हणजे १०० ते १२०. पोळीच्या घडीतलं तेल वाचलं, पण पिठात तेवढंच परत आलं. भाकरीवर लोण्याचा गोळा किंवा शेंगदाण्याच्या चटणीवर तेल असेल तर तीही बचत गेली. भाकरी सोडू नका, दीडवर या.

गुळाचंही तेच. गुळात लोह वगैरे थोडं असतं, पण कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच. चार कप चहात दोन-दोन चमचे गूळ म्हणजे ४० ग्रॅम, दीडशे कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. गूळ त्याच कोट्यात धरायचा. चहा चार कपच घ्या हवा तर, गूळ एकेक चमच्यावर आणा. आठवडाभरात जिभेला सवय होते.

आता तेल. तुम्ही तेलाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक घरांत हिशेब इथेच चुकतो. फोडणीत किती घातलं हे कुणालाच आठवत नाही, म्हणून महिन्याचा डबा बघायचा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ४२ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३८ ग्रॅम तेल झालं. त्याच संस्थेने दिवसाच्या २००० कॅलरींसाठी सुचवलेल्या ताटात तेलतुपाला २७ ग्रॅमच जागा आहे, आणि तुम्हाला २००० कॅलरीही लागत नाहीत. तुमच्या घरात सहा माणसं, तेव्हा हा हिशेब तुमच्या डब्यावर मांडून बघा. जास्तीच्या ११ ग्रॅम तेलाच्या १०० कॅलरी होतात, आणि पाऊण तास चालून तुमच्या वजनाला दीडशे ते पावणेदोनशेच खर्च होतात. म्हणून फक्त चालण्यावर वजन उतरवू पाहणाऱ्यांचा फार हिरमोड होतो. चालणं मात्र सोडू नका. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, मन, या सगळ्यांसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि उतरलेलं वजन परत चढू न देण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या रात्रीच्या फळांची वाटते. तुमच्या यादीवरून प्रथिनांचा अंदाज काढला. दोन भाकऱ्यांतून १० ते १२ ग्रॅम, पोह्यांतून चार-पाच, पातळ आमटीच्या वाटीतून फार तर पाच, चहातल्या दुधातून चार, फळांतून एखाद-दोन. बेरीज तिशीच्या आत. ५५ किलोच्या बाईलाही दिवसाला किमान ४५ ग्रॅमच्या वर लागतात, आणि वजन उतरवताना तर गरज वाढते. प्रथिनं कमी आणि स्नायूंना काम नाही, अशा अवस्थेत शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवतं. पाळी जाण्याच्या वयात ते आधीच झिजू लागलेले असतात. शिवाय रात्री पपई-सफरचंदावर झोपलेल्या बाईला साडेदहाला भूक लागते आणि हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या कितीतरी जणी हे दबक्या आवाजात सांगतात, जणू चोरी केली आहे. ती चोरी नाही, ती भूक आहे. ५० ग्रॅम फरसाण म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी, म्हणजे फळांवर राहून वाचवलेलं सगळं तिथे जातं.

रात्री जेवा. मुगाचं घट्ट वरण, किंवा मटकीची उसळ, किंवा पिठलं, सोबत भरपूर भाजी आणि एक फुलका किंवा लहान वाटी भात. हो, भातही चालतो. वाटी ठरलेली हवी आणि वरण भाताइतकंच हवं. आपल्या ताटात उलटं असतं, भाताचा ढीग आणि त्यावर वरणाचं पाणी. दुपारची आमटी घट्ट करा, वाटीभर दही घ्या, अंडं चालत असेल तर सकाळच्या पोह्यांबरोबर दोन उकडून घ्या. घरात सगळ्यांसाठी वेगळं काही शिजवायला नको. तेच पातेलं, फक्त तुमच्या ताटातलं धान्य कमी आणि डाळ जास्त. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी करत असाल तर लक्षात ठेवा, साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काही नसतं. वरी, दही, राजगिरा, मूठभर दाणे असा उपास करा.

आणखी एक, जे तुमच्या वेळापत्रकातून दिसलं. सगळ्यात शेवटी जेवणारी बाई पातेल्यात उरलेलंही संपवते, कारण टाकवत नाही. नातवाची अर्धी पोळी, तळाची दोन डाव भाजी. ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी खाणारं कुणीतरी निघतं.

जाऊबाईंच्या दोन वेळांच्या जेवणाचं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून ही पद्धत महाराष्ट्रभर पोचवली: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखून तेव्हाच जेवायचं, जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही, आणि रोज चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घरचं, स्थानिक, हंगामी अन्न वेळच्या वेळी खायला सांगतात. दोघांच्या अनुयायांत मोठे वाद झाले, पण कुठलाही एक मार्ग मनापासून धरला की चहाबरोबरची बिस्किटं, चारच्या सुमाराचा वडा आणि रात्रीचा चिवडा सुटतात. वजन मुख्यतः त्याने उतरतं. २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये चीनमधल्या ग्वांगझोचा अभ्यास आला होता. लठ्ठ असलेल्या १३९ जणांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मधेच खायचं होतं. त्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. जाऊबाईंना जमलं, त्यांचं अभिनंदन. तुमचं पित्त उसळतं असं तुम्हीच लिहिलंय, मग तुम्ही तीन वेळा जेवा. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत, साखर एकदम खाली जाते.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: 'ब्लाऊज तेवढे सैल झालेत.' ताई, हेच तर हवं होतं! काटा स्नायू, पाणी आणि चरबी यांत फरक करत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक काट्यावर ठीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, विशेषतः पोटात. म्हणून आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं धरतात. टेलरकडची टेप आणा, महिन्यातून एकदा सकाळी पोट न आवळता मोजा आणि लिहून ठेवा. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा.

बैठकांचं शेवटी ठेवलं, कारण त्यावर माझं मत ठाम आहे. पंचेचाळिशीनंतरच्या बाईलाच त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते, सगळ्या प्रौढांना. तुमचं चालणं या मापात आधीच बसतं, दुसरा भाग राहिलाय. आखाड्यातल्या बैठका नकोत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढच्या कडेवर बसा, दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर, हात छातीशी. हाताचा आधार न घेता उठा, मग तीनपर्यंत मोजत सावकाश बसा. धपकन टेकू नका, खाली येतानाच मांडीला खरं काम लागतं. असं आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. मग ओट्याच्या कडेला तळवे टेकून, पाय मागे घेऊन, ओट्यावरच जोर काढा. मग पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सगळं आटपतं, साडीवरही जमतं. आठवड्यात तीन दिवस पुरे, आणि त्या दिवशी चालणं अर्ध्या तासावर आणलंत तरी चालेल.

थायरॉइड तपासलंय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. थकवा, केस गळणं, पाळीची गडबड असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. स्टिरॉइडसारख्या काही औषधांनीही वजन वाढतं. तसं काही चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. तरीही दुखलं तर थांबा आणि इथेच कळवा, गुडघ्यावर भार न येणारे प्रकार सांगते.