रोज बर्ड यांना घरी बसवलं ते योग्यच झालं का?

नमस्कार,

रोज बर्ड यांच्यावरच्या लेखावर तुम्ही कडक पण मुद्देसूद लिहिलंत, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. तुमचं म्हणणं असं: कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती असताना देहदंडाची साठहून अधिक प्रकरणं त्यांच्यापुढे आली आणि एकदाही त्यांनी शिक्षा कायम केली नाही. हे न्यायदान नव्हे, हट्ट आहे. 1986 मध्ये, न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं की नाही याच्या मतदानात, मतदारांनी त्यांना काढलं ते बरोबर केलं, आणि आपल्या उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींनाही लोकांसमोर असं उभं करायला हवं.

आकडा खटकतो, हे मान्य. पण तुम्ही स्वतः फौजदारी वकिली करता, तेव्हा त्या आकड्याच्या आत काय आहे ते बघा. आपल्याकडे सत्र न्यायालयानं दिलेली फाशी जशी कन्फर्मेशनला, म्हणजे मंजुरीसाठी, उच्च न्यायालयात जाते, तसा तिकडे देहदंडाचा प्रत्येक निकाल आपोआप राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जातो. तिथं साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. खटला कायद्यानं चालला का, एवढंच बघायचं असतं. 1978 मध्ये मतदारांनीच देहदंडाचा नवा, जास्त व्यापक कायदा मंजूर केला. त्याची भाषा ढिली होती. दरोडा घालताना खून झाला तर देहदंडासाठी जीव घेण्याचा हेतू सिद्ध व्हायला हवा की नको? 1983 मध्ये कार्लोस खटल्यात न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, हवा. तोवर कितीतरी खटल्यांत ज्युरीला हे सांगितलंच गेलं नव्हतं. त्यामुळे एकाच दोषापायी एकामागून एक शिक्षा रद्द होत गेल्या. मोजताना मात्र प्रत्येक प्रकरण वेगळं धरलं गेलं आणि सगळ्याचं खापर बर्ड यांच्या डोक्यावर फुटलं. शिक्षा रद्द झाली म्हणजे माणूस मोकाट सुटला, असंही नाही. बहुतेक जण तुरुंगातच राहिले.

बर्ड गेल्यावर काय झालं, तेही बघा. 1987 मध्ये नव्या न्यायालयानं कार्लोसचा निकाल बऱ्याच अंशी फिरवला. तरी त्यानंतरचा पहिला देहदंड अमलात यायला 1992 उजाडलं. तो रॉबर्ट हॅरिस. त्याची शिक्षा याच न्यायालयानं 1981 मध्ये, बर्ड यांचा विरोध असतानाही, कायम केली होती. म्हणजे वाट त्यांनी अडवली होती म्हणावं, तर त्या गेल्यावरही पाच वर्षं लागली. 1992 ते 2006 या काळात एकूण तेरा देहदंड झाले, नंतर एकही नाही. ज्यासाठी त्यांना काढलं, ते मतदारांच्या पदरात फारसं पडलंच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बर्ड यांच्याविरुद्धचा राग देहदंडापासून सुरू झालेला नाही. 1975 मध्ये त्या राज्यपाल जेरी ब्राऊन यांच्या मंत्रिमंडळात शेतीखातं सांभाळत होत्या, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला मंत्री. सॅलिनास खोऱ्यातल्या लेट्यूसच्या शेतात मजूर आखूड दांड्याच्या कुदळीनं विरळणी करायचे. दांडा हातभरही नाही. दिवसभर कमरेत वाकून राहायचं, उभं राहायची सोयच नाही. ऐन उमेदीत पाठी कायमच्या जायच्या. मुकादमांना मात्र ती कुदळ सोयीची, कारण कोण ताठ उभा आहे ते लांबूनच दिसायचं. त्या वर्षी तिच्यावर बंदी आली. शेतमजुरांना गुप्त मतदानानं युनियन निवडायचा हक्क देणारा कायदाही त्याच वर्षी झाला, आणि तो घडवण्यात बर्ड यांचा मोठा वाटा होता. बड्या बागायतदारांनी हे विसरायचं कारणच नव्हतं. न्यायाधीश म्हणून काहीही अनुभव नसताना 1977 मध्ये त्या थेट मुख्य न्यायमूर्ती झाल्या. न्यायमूर्तींच्या नेमणुका मंजूर करणाऱ्या त्रिसदस्य आयोगानं दोन विरुद्ध एक अशी संमती दिली. अनुभवाबद्दलची टीका रास्त होती. पण 1978 मध्येच, देहदंडाच्या निकालांचा ढीग साठण्याआधी, त्या मतदानात जेमतेम तरल्या, यावरून विरोध किती जुना होता ते कळतं.

1986 ची मतपत्रिका फक्त हो की नाही विचारत होती, समोर उमेदवार नव्हता. टीव्हीवर खून झालेल्या मुलांचे आईवडील बोलत होते. त्यांच्या दुःखाला उत्तर नसतं, आणि पदावरच्या न्यायमूर्तीनं निकालपत्राबाहेर बोलायचं तरी किती? सुमारे दोन तृतीयांश मतं विरुद्ध गेली. बर्ड यांच्याबरोबर आणखी दोघं पडले: क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन. रेनोसो शेतमजुरांच्या घरातले, त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. ग्रोडिन यांनी तर काही प्रकरणांत देहदंड कायम करायच्या बाजूनं मत दिलं होतं. हट्टाला शिक्षा झाली म्हणता, तर ग्रोडिन का गेले?

म्हणून आपल्याकडे ही सोय मला नको. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला काढणं राज्यघटनेनं अवघड ठेवलंय आणि ते फार अवघड आहे, हे मलाही पटतं. नेमणुकांत पारदर्शकता हवी, तक्रारींची वेळेत चौकशी हवी, यासाठी तुमच्यासोबत मीही सही करेन. पण उद्या मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठावरच्या न्यायमूर्तीला कन्फर्मेशनचं प्रकरण वाचताना पुढच्या मतदानाची तारीख आठवत असेल, तर तुमच्या अशिलाची बाजू तुम्ही कुणापुढे मांडणार?