दाढ वाचवणं महाग, उपटणं स्वस्त

कमी कमाईची माणसं दुखल्याशिवाय दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीत, कारण त्यांच्यात जागरूकता नाही, असं दातांच्या आरोग्यावरच्या एका लेखात वाचलं. पहिलं खरं, दुसरं अर्धंच. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची दाढ गेल्या दिवाळीत ठणकायला लागली. दोन महिने त्यांनी लवंग दाबून आणि मिश्री लावून काढले. (मिश्रीनं ठणका मरतो म्हणतात, आणि तिथंच तंबाखूची सवय पक्की होते.) गाल सुजला तेव्हा डॉक्टरकडे गेल्या. दाढ वाचवायची तर रूट कॅनाल (आतली खराब नस काढणं) आणि वर कॅप मिळून 8,000 रुपये, उपटायची तर 500. काय निवडलं असेल ते सांगायला नको. दाढ वाचण्यासारखी होती, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. शिवाय रूट कॅनालला तीन-चार खेपा, म्हणजे तेवढे खाडे. तो हिशेब कोण धरतो? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं स्वस्तात होतं, पण रांगेत दिवस जातो. मेडिक्लेमही अपघात सोडला तर दातांना बहुधा हात लावत नाही. पगार बरा असून माझी स्वतःची कॅप दोन वर्षं राहिलीय, मग मावशींना काय बोलणार? त्या आता डाव्या बाजूनंच चावतात, भाकरी आमटीत कुस्करून.