मध गोठला म्हणून तो साखरेचा ठरत नाही

‘शुद्ध मध घरच्या घरी ओळखा’ असा एक निरोप गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरा मध कधी गोठत नाही. पाण्यात सोडला तर न विरघळता तळाला बसतो. त्यात बुडवलेली काडी पेटते, त्याला मुंग्या लागत नाहीत, आणि ताटलीत पाणी घालून हलवला तर पोळ्यासारखे षटकोन उमटतात. बहुपुष्पीय मध म्हणजे उरल्यासुरल्याचं मिश्रण, तो घेऊ नका. बाटलीवर ‘सेंद्रिय’ असेल तर शंकाच नको, तान्ह्या बाळालाही निर्धास्त चाटवा.

मी मधपेट्या सांभाळते. या निरोपातलं शेवटचं वाक्य धोकादायक आहे, बाकीची बहुतेक चुकीची आहेत. त्यातल्या पहिल्याने तर प्रामाणिक मधपाळांचं फार नुकसान केलंय.

गोठण्यापासूनच सुरुवात करते. थंडीत एक गिऱ्हाईक दोन बाटल्या परत घेऊन आले. तळाला पांढरट रवा धरला होता. “ताई, साखर घातलीत ना?” असं त्यांनी चारचौघांत विचारलं. तो मध मी स्वतः पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींतून काढलेला होता, त्याला आचही लागली नव्हती. मधात पाणी साधारण १७-१८ टक्के असतं आणि बाकी जवळजवळ सगळी साखरच असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. इतक्या थोड्या पाण्यात इतकं ग्लुकोज फार काळ विरघळून राहू शकत नाही. पराग, मेणाचा कण, हवेचा बुडबुडा असं काहीही टेकायला मिळालं की ते स्फटिक होऊन खाली बसायला लागतं. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात झपाट्याने होतं. ज्या फुलांच्या मकरंदात ग्लुकोज जास्त, त्यांचा मध काही आठवड्यांत गोठतो, मोहरीचा तसा. फ्रुक्टोज जास्त असेल तर वर्ष उलटलं तरी पातळ राहतो. यातून फुलं कळतात, भेसळ कळत नाही.

उलट मध गोठू नये म्हणून काय करतात ते पाहा. तो तापवतात, म्हणजे सूक्ष्म स्फटिक विरघळतात. मग बारीक गाळतात, म्हणजे परागही निघून जातो. तापवल्याने मधातली एन्झाइम्स निकामी होतात आणि हायड्रॉक्सीमिथाइलफुरफुरल, म्हणजे एचएमएफ, नावाचं रसायन वाढतं. मध किती तापला किंवा किती जुना झाला हे प्रयोगशाळा त्यावरून ताडते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशांतल्या मधासाठी ८०. म्हणजे हा निरोप वाचून लोक कायम पातळ राहणारी बाटली निवडतात, आणि विकणाऱ्याला मध तापवणं भाग पडतं. गोठलेला मध पातळ हवा असेल तर बाटली चाळीसेक अंशांच्या कोमट पाण्यात उभी ठेवा, तेवढं पुरतं. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: खाली रवा, वर पातळ थर, त्यावर फेस आणि आंबूस वास. ग्लुकोज खाली बसलं की वरच्या भागात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि यीस्टला तिथे फावतं.

पाण्याची आणि काडीची परीक्षा एकाच गोष्टीची आहे: द्रव किती दाट आहे आणि त्यात पाणी किती आहे. साखरेचा पक्का पाक करून गार करा आणि त्याचा थेंब पाण्यात सोडा. तोही सरळ तळाला जाईल. आता खरा मध तासभर उन्हात ठेवा आणि मग थेंब सोडा. तो लवकर पसरेल, कारण उष्णतेने मध पातळ होतो. म्हणजे पाक पास आणि मध नापास. काडीचंही तेच. पाणी कमी असलेला कुठलाही गोड द्रव ज्योतीला फारसा अडवत नाही.

मुंग्यांबद्दल एवढंच सांगते, की पेटीच्या स्टँडचे पाय आम्ही पाण्याच्या वाट्यांत ठेवतो ते मुंग्यांसाठीच. वाटी कोरडी पडली की त्या थेट पोळ्यात शिरतात.

षटकोनांचा व्हिडिओ दिसायला सुंदर असतो. मधाला पोळ्याची ‘जनुकीय स्मृती’ असते, असं त्यात सांगतात. पण षटकोनी घरं माश्या मेणाची बांधतात, मकरंद त्यांत नंतर भरला जातो. द्रवाला घराचा आकार आठवत नाही. पातळ पाण्याखाली जड, दाट द्रव हलला की अशी जाळी उमटते, आणि पाकानेही उमटते.

मग खरी भेसळ सापडते कशी? ऊस आणि मका या वनस्पतींमध्ये जड कार्बनचं प्रमाण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे त्यांची साखर समस्थानिकांच्या, म्हणजे कार्बनचे हलके-जड प्रकार मोजणाऱ्या, चाचणीत उघडी पडते. हे कळल्यावर भेसळ करणारे तांदूळ आणि बीटच्या सिरपकडे वळले, कारण त्यांचा कार्बन फुलझाडांसारखाच असतो. ती भेसळ पकडायला एनएमआरसारखी (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारी) महागडी तंत्रं लागतात. युरोपीय संघाने २०२१-२२ मध्ये आयात मधाचे ३२० नमुने तपासले, त्यांतले १४७, म्हणजे ४६ टक्के, संशयास्पद निघाले. जिथे प्रयोगशाळेलाही एका चाचणीवर भागवता येत नाही, तिथे पेल्यातल्या पाण्याने निकाल देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बहुपुष्पीय म्हणजे हलक्या प्रतीचा, हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. एक माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, पण वसाहतीत हजारो माश्या असतात आणि आसपास जे फुललं असेल तिकडे त्या विखुरतात. अनेक फुलांचा मध पोळ्यातच तयार होतो, कारखान्यात मिसळून नव्हे. एकपुष्पीय म्हणवणाऱ्या मधातही एकाच फुलाचा पराग साधारण ४५ टक्के असला तरी पुष्कळदा पुरतो. बहुपुष्पीय मधाचा रंग आणि चव दर खेपेला बदलते. वर्षभर प्रत्येक बाटली हुबेहूब सारखी लागली, तर ती वेगवेगळे मध एकत्र करून जुळवलेली आहे असं समजा.

मधाची प्रत ठरते ती काढण्याच्या वेळेवर. मकरंद येतो तेव्हा पाण्यासारखा असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पिकला की घरावर मेणाचं झाकण घालतात. मी चौकट आडवी धरून एक झटका देते. थेंब उडाले तर मध कच्चा, चौकट परत आत. मग एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या उपकरणावर. पाणी २० टक्क्यांच्या वर असेल तर कोडेक्सच्या हिशेबात बहुतेक मध बसत नाही, आणि तो पुढे आंबतोही. विक्रेत्याला विचारायचंच असेल तर हे विचारा: कधी काढला, झाकण घातलेल्या घरांतून काढला का, पाणी किती, तापवला का.

आता ‘सेंद्रिय’. हा शब्द मधमाश्या कशा पाळल्या ते सांगतो: रोग-किडींवर कृत्रिम रासायनिक औषधं टाळली, मेण स्वच्छ होतं, पेट्या योग्य जागी होत्या. युरोपीय नियमांत पेटीभोवती ३ किलोमीटरच्या परिसरातला चारा प्रामुख्याने सेंद्रिय पिकांचा किंवा रानफुलांचा लागतो. हे वर्तुळ २८ चौरस किलोमीटरचं होतं, आणि माशी त्याच्याही पलीकडे जाऊ शकते. जगभरातून गोळा केलेल्या १९८ मधांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७५ टक्क्यांत निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाचा अंश होता, बहुतेक ठिकाणी माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत. सेंद्रिय प्रमाणपत्राला मी मान देते, त्यामागे मोठी मेहनत असते. पण बाटलीत सिरप आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याची चाचणीही वेगळी करावी लागते.

आणि बाळाचं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू माती-धुळीतून कुठल्याही मधात येऊ शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठता, मग क्षीण रडणं, दूध ओढता न येणं, मान टाकणं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मध सेंद्रिय असो, शुद्ध असो, माझ्या पेटीतला असो, धोका तोच. घरात उकळला तरी हे बीजाणू मरतीलच असं नाही. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत बोटाच्या टोकाएवढासुद्धा चाटवू नका. चाटवला असेल आणि यातलं एखादं लक्षण दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मध दिल्याचं आधी सांगा.